स्वमग्नता : समजून घेण्याची गरज

आपल्या वार्षिक अहवालात आकडेवारी व जमाखर्चाबरोबर एका आरोग्यविषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याची प्रथा आहे. यंदा त्यासाठी ‘स्वमग्नता’, म्हणजेच ऑटिझम, हा विषय निवडला आहे. त्यामागे एक प्रसंग आहे.

अहवाल वर्षातील एका सोमवारी केसपेपरच्या रांगेत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून आक्रोश करू लागला. आई त्याला परोपरीने समजावीत होती. रांगेतून शेरे येऊ लागले, “फार लाडावून ठेवलंय”, “एक फटका द्या, गप्प बसेल.” अखेर ती माता केसपेपर न काढताच निघाली. आमच्या एका परिचारिका भगिनींनी तिला थांबवून मागील शांत खोलीत बसविले. काही वेळात मुलगा सावरला. त्याचे स्वमग्नतेचे निदान पूर्वीच झालेले होते. त्या दिवशी तो आला होता तो दाढदुखीसाठी. दुखरी दाढ घेऊन आलेले बालक केवळ आपल्या रांगेतील गोंगाटामुळे उपचारांविना परत जावे, ही बाब व्यवस्थापनास अंतर्मुख करणारी होती.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, की वेडही नव्हे. मेंदूच्या विकासातील हे जन्मजात वेगळेपण आहे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे सविस्तर वर्णन केले. इतरांशी संवाद व सामाजिक देवाणघेवाण यांत येणारी अडचण हे त्याचे एक अंग, आणि त्याच त्या कृती, ठरावीक आवडी व बदलाची असह्यता हे दुसरे. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमता असते, काहींची बुद्धी सामान्य वा त्याहून तल्लख असते. ही विविधता लक्षात घेऊनच ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

‘स्वमग्न’ या शब्दामुळे मात्र एक गैरसमज होतो. या मुलांना माणसे नकोशी असतात असे नाही. जवळ कसे जावे, हे त्यांना उमगत नाही.

दैनंदिन जीवनावरील परिणाम

कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, मिरवणुकीतील ढोल-ताशे आपण सहज सोसतो. अनेक स्वमग्न मुलांना हेच आवाज वेदनेसारखे जाणवतात. गणवेशाच्या कॉलरमागील चिठ्ठी त्वचेला सतत टोचत राहते. केस कापणे, नखे काढणे, दात घासणे हे रोजचे साधे विधीही घरासाठी कसोटी ठरतात. एखादे मूल वर्षानुवर्षे केवळ दहीभात खाते. वाटीचा रंग बदलला तरी जेवण नाकारते. शाळेची रिक्षा नेहमीचा रस्ता सोडून वळली की रडू कोसळते. हा हट्ट नसतो. ज्या जगातील पुढील क्षणाचा अंदाजच येत नाही, त्या जगात ठरलेली वाटी आणि ठरलेला रस्ता हाच आधार असतो.

भाषेचीही अडचण असते. “पाणी हवे का?” असे विचारल्यावर मूल ‘हो’ न म्हणता “पाणी हवे का?” हेच शब्द परत उच्चारते. हे चिडविणे नसून पुष्कळदा मागणेच असते. “जरा हात चालव” असे म्हटल्यावर शब्दशः हात हलवू लागणारी मुलेही आढळतात. अनेकांना शांत झोप लागत नाही, आणि मुलाबरोबर सारे घर जागे राहते. लग्नकार्य, प्रवास, शेजार हळूहळू तुटत जातो. बहुधा आईच नोकरी सोडते. रांगेतील शेऱ्यांचे ओझे या सर्वांवर येऊन पडते.

गैरसमज आणि वास्तव

आईच्या मायेच्या अभावामुळे स्वमग्नता येते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत रूढ होता. तो निराधार ठरला असून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे आज ज्ञात आहे. लसीकरणाशी संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. तेव्हा या भीतीने लस टाळू नये.

‘पूर्ण बरे करण्याची’ हमी देणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. मूलपेशी उपचारांसाठी दागिने विकलेले पालक आम्हांस भेटले आहेत. स्वमग्नतेसाठी असे उपचार शिफारसयोग्य नाहीत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलेले आहे.

केव्हा लक्ष द्यावे?

वर्षाचे होऊनही मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोटाने वस्तू दाखवीत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले बोलणे कोणत्याही वयात थांबते, अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. श्रवणतपासणीही करून घ्यावी. निदान रक्ताच्या तपासणीतून वा स्कॅनमधून होत नाही. ते तज्ज्ञांच्या निरीक्षणातून व पालकांशी केलेल्या संभाषणातून होते. “मुलगे उशिराच बोलतात” या घरगुती सल्ल्यापायी हाताशी असलेली मोलाची वर्षे निघून जातात.

उपचार आणि त्याचा हिशेब

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनविषयक मार्गदर्शन, विशेष शिक्षण आणि पालकांचे प्रशिक्षण यांमुळे मुलाचा दिवस सुकर होतो. बोलता न येणारे मूल चित्रे दाखवून पाणी मागू लागले की त्याचे रडणे निम्मे ओसरते, असा पालकांचा अनुभव आहे.

हिशेबाच्या दृष्टीने या कामाचे स्वरूप निराळे आहे. येथे मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित माणसाचा वेळ, आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, तासांवर ते कोरता येत नाही. त्यामुळे अशा कामास देणगी मिळणे अवघड जाते, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

शासकीय तरतुदी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. पालकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र अवश्य काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात नियमित थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. अठरा वर्षांनंतर आवश्यकतेनुसार कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. “आमच्या पश्चात याचे काय?” हा प्रत्येक आईवडिलांचा प्रश्न असतो. त्याची तयारी लवकर सुरू करणे हितावह आहे.

आपण काय करू शकतो?

त्या सोमवारनंतर रुग्णालयाने स्वमग्न बालकांना रांगेविना केसपेपर देण्याची व शांत खोलीत थांबविण्याची व्यवस्था केली आहे. पालकांनी आधी दूरध्वनीवरून कळविल्यास सकाळची पहिली वेळ राखून ठेवली जाते. यास खर्च जवळजवळ काहीच आला नाही. उपचारांच्या तासांना मात्र खर्च येतो, आणि त्यासाठी देणगीदारांनी वार्षिक स्वरूपाचे साहाय्य द्यावे, अशी नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना आणखी एकच विनंती. रांगेत एखादे मूल आक्रोश करताना दिसल्यास शेरा न मारता बाजूस सरून वाट द्यावी. त्या मातेस तेवढेही साहाय्य पुष्कळ वाटते.