चांद्याचे राज्य : लहानांचे स्वातंत्र्य आणि बड्यांची मैत्री

चंद्रपूरच्या जटपुरा वेशीतून आम्ही रोज जातो येतो. शहराभोवतीचा परकोट गोंड राजांचा, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. पण या परकोटाआतले राज्य दिल्लीच्या शेजारात इतकी वर्षे कसे टिकले आणि शेवटी का बुडाले, हा प्रश्न वर्गात विचारला की मुले गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. आमच्या क्रमिक पुस्तकांत चांदा येतो तो कुणाच्या तरी स्वारीचे ठिकाण म्हणून. स्वतःचे राजकारण असलेले राज्य म्हणून तो येत नाही.

वस्तुतः चांद्याला परराष्ट्रनीती होती. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद आहे आणि त्याच्या पायदळाचा आकडा ४०,००० दिला आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडची हिऱ्याची खाण त्याच्या ताब्यात होती. जंगल, नद्या, माणिकगड-टिपागडासारखे किल्ले आणि जंगलाची वाट ओळखणारी माणसे हे या राज्याचे पहिले बळ होते. बड्या सत्तेला येथे येणे महाग पडे.

दुसरे साधन खंडणी. १६६७ साली औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चालून आला, तेव्हा चांद्याच्या राजाने जबर दंड आणि वर्षाला २ लाख रुपये खंडणी कबूल केली. याला कुणी शरणागती म्हणतील. परंतु खंडणी घेऊन फौज परत गेली आणि गादी राहिली. लहान राज्य असे वेळ विकत घेते. मात्र ही किंमत राजा कुठून देणार? नांगर धरणाऱ्याकडूनच ती वसूल होणार. राजाचे स्वातंत्र्य आणि रयतेचे स्वातंत्र्य एकच मानण्याची चूक आपण करू नये.

तिसरे साधन म्हणजे बड्यांच्या भांडणात आपली जागा शोधणे. येथेच घोडचूक झाली. १६३७ साली मोगल सरदार खानदौरानने देवगडच्या गोंडांकडून नागपूरचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत चांद्याचा राजा मोगलांच्या बाजूला होता. शेजारचा भाऊबंद दुबळा झाला याचा त्या दिवशी आनंद वाटला असेल. पण पुढे देवगडात चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा पेटला, राणीने रघूजी भोसल्याला मदतीला बोलावले आणि मदतीला आलेला पाहुणा घरधनी झाला. आता चांद्याच्या दाराशी एकच बडी सत्ता उरली. मोगल खिळखिळे झाले होते. भोसल्यांना तोल देईल असा दुसरा कुणी नव्हता. १७४९ च्या तहाने नीलकंठशहाच्या हातून महसुलाचा मोठा हिस्सा गेला आणि १७५१ मध्ये राज्यच गेले. जुने गॅझेटिअर सांगते की त्याच्या जुलमामुळे त्याची माणसे आधीच त्याच्यापासून तुटली होती. जेत्याच्या सोयीचा हा इतिहास असेल, हे ध्यानात घेऊनही त्यात विचार करण्याजोगे काही आहे. आतून फुटलेल्याला बाहेरचा तह वाचवीत नाही.

हाच धडा १८५८ साली जंगलात पुन्हा गिरवला गेला. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांना धरून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबुरावांना फाशी झाली आणि अहेरीला बक्षिसादाखल गावे मिळाली. लक्ष्मीबाईंना नुसती शिवी देऊन भागत नाही. आपली जमीनदारी वाचविण्याचा तो हिशेब होता. पण ज्यांच्या मर्जीने गावे मिळतात, त्यांच्या मर्जीबाहेर मग पाऊल टाकता येत नाही.

परराष्ट्रनीती हा दिल्लीतल्या बड्यांचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जी कारणे दिली, त्यांत परराष्ट्रनीतीही होती. मित्र न उरल्याने ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांचा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, प्रश्न मांडण्याची रीत आपली आहे : या मैत्रीची अथवा वैराची किंमत कोण भरतो?

माझे वडील ठेकेदाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवीत. वाचता येत नव्हते आणि दुसरा ठेकेदारही नव्हता. मी शिकलो, इतिहास शिकवू लागलो, तेव्हा चांद्याच्या तहात मला तोच अंगठा दिसला. आज आपल्या लहान संघटना मोठ्या पक्षांशी युती करतात. करू नये असे मी म्हणणार नाही, एकटे राहून कुणी टिकत नाही. पण सही करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. आपले स्वतःचे बळ किती? जाण्यासाठी दुसरे दार उघडे आहे काय? आणि आपण ज्याच्याविरुद्ध मदत करतो आहोत, तो उद्याचा आपलाच आधार तर नव्हे? चांद्याने तिसरा प्रश्न १६३७ साली विचारला नाही.