अरबी समुद्र आणि पेडण्याचे पठार

धारगळ हे गाव समुद्रकाठचे नव्हे. तरीही समुद्र या गावाला नवा नाही. कोलवाळचा पूल ओलांडून बार्देशातून पेडण्यात आलात की महाखाजन लागते. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतजमीन. शापोरा नदीतून भरतीचे पाणी आत चढते, मानशीच्या दारांनी ते अडवायचे, ओहोटीला आतले पाणी सोडायचे, ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके सांभाळली. समुद्राशी आपला एक व्यवहार हा असा, बांधाचा आणि मानशीचा. दुसरा व्यवहार आरमारांचा आणि राज्यांचा. या लेखात आपण त्या दुसऱ्या व्यवहाराचा विचार करू. मोपाचा विमानतळ आणि धारगळहून त्याकडे जाणारा रुंद रस्ता त्यातूनच आला आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला तेव्हा त्यांना मुलूख फारसा नको होता, समुद्र हवा होता. मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी मोठी जहाजे उभी राहू शकत होती, म्हणून त्यांनी आपले ठाणे तेथे केले. समुद्रावर हुकूम चालवण्यासाठी त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. हा परवाना घ्यायचा, ठरवून दिलेल्या बंदरात जाऊन जकात भरायची आणि मगच पुढे जायचे, असा नियम होता. परवाना नसलेले गलबत जप्त होई. आदिलशाही आणि मोगल यांच्यासारख्या बलाढ्य सत्तांच्या जहाजांनाही हे परवाने घ्यावे लागले. वाट सर्वांची असलेला समुद्र एका सत्तेच्या कागदावर चालू लागला.

त्याला उत्तर कोकणातूनच मिळाले. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी जहाजांना स्वतःचे दस्तक देण्यास सुरुवात केली. परवाना देण्याचा हक्क आमचाही आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. पण १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या सहकार्याने विजयदुर्गावर चाल केली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथे जळाले. घरच्या भांडणात परक्याला बोलावल्याचे फळ म्हणजे या किनाऱ्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांना तोड देईल असे आरमार उरले नाही.

पेडण्याचे नशीब याच काळात ठरले. हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने शापोऱ्याकाठचा हळर्णचा किल्ला घेतला, आणि त्याच विजयावरून त्याला ‘मार्किस द आलोर्ना’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी तेरेखोल किल्लाही पडला. १७८८ मध्ये पेडणे कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. नकाशा उघडून पाहा. तेरेखोल नदी ही पेडण्याची नैसर्गिक उत्तर हद्द, पण तेरेखोल गाव नदीपलीकडे असूनही गोव्यात आहे. खाडीच्या मुखावर नजर ठेवायची तर पलीकडचा किल्ला हाती हवा, एवढेच त्यामागचे कारण. आरमारी गरजेची ती रेघ आज दोन राज्यांची सीमा आहे.

पुढच्या शतकात तोफांऐवजी करार बोलू लागले. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि तेथून घाटावर जाणारी रेल्वे उभी राहिली. पण त्याच तहाने गोव्यातील मीठ उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले आणि अनेक मिठागरे बंद पडली. आपल्या तालुक्यात आगरवाडा नावाचे गाव आहे, आगर म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. बंदर एका ठिकाणी वाढले, आणि त्याची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या आगरी माणसाने मोजली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुन्हा भेटणार आहे.

आता विमानतळाकडे येऊ. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला, तो याच काळात. जमिनीच्या वाटा बंद झाल्यावर पोर्तुगीजांनी आकाशाची वाट शोधली आणि दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. मुरगावसमोर ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौकांनी ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज निकामी केले. अंजदीव बेटावर उतरलेल्या आपल्या ७ नौसैनिकांनी प्राण दिले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

मुक्तीनंतर दाबोळीचा तळ १९६२ मध्ये नौदलाकडे आला, आणि १९६४ मध्ये ‘आयएनएस हंस’ हा हवाई तळ तेथे हलवण्यात आला. विमानवाहू नौकेवरची विमाने किनाऱ्यावर असताना कुठे तरी ठेवावी लागतात, वैमानिकांना सराव द्यावा लागतो; त्यासाठी दाबोळी हे सोयीचे ठिकाण ठरले. पण पर्यटन वाढले तशी अडचण झाली. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना मिळत नसत. दोघांना एक धावपट्टी पुरेना. म्हणून दुसऱ्या विमानतळाचा विचार झाला, २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला मान्यता दिली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले.

म्हणजे मोपाचे मूळ केवळ पर्यटनात नाही. नाकेबंदीमुळे दाबोळी झाली, नौदलामुळे ती अपुरी पडली, आणि त्या अपुरेपणाचे उत्तर पेडण्याच्या पठारावर शोधले गेले. पठार उजाड दिसते, पण ते रिकामे नसते. जांभा दगड पावसाचे पाणी पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून सोडतो. त्या पाण्यावर कुळागरे जगतात. नागझर या गावाच्या नावातच झर आहे. पठारावरच्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि जोडरस्त्यासाठी शेते व काजूच्या बागा गेल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण मंजुरी मागताना आवश्यक माहिती पुरती मांडलेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये देखरेखीच्या अटी घालून ती स्थगिती उठली.

या समुद्रापलीकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. ग्वादर हे बंदर ओमानने १९५८ मध्ये पाकिस्तानला विकले, आज ते चीनच्या मदतीने उभे आहे. त्याच किनाऱ्यावर पश्चिमेला इराणच्या चाबहार बंदराचा धक्का चालवण्यासाठी भारताने २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. राष्ट्रांच्या दृष्टीने हे सारे आवश्यक असेल. पण २०२१ मध्ये ग्वादरचे मच्छीमार रस्त्यावर आले ते आपल्याच समुद्रात मासे मारण्याच्या हक्कासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. देश वेगळा, राजवट वेगळी, पण प्रश्न आगरवाड्याच्या ओळखीचा.

मग आपण काय करावे? प्रकल्प नको म्हणणे सोपे, आणि सगळेच हवे म्हणणे त्याहून सोपे. कायद्याने एक साधन आपल्या हाती दिले आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तेथे किमान ३० दिवसांची सूचना आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे. तो मागून घ्यावा, वाचावा, आणि त्यात आपल्या वाड्यावरची झर, आपला बांध, आपली पायवाट नोंदली आहे का ते तपासावे. नसेल तर तसे लेखी द्यावे. मोपाच्या बाबतीत न्यायालयाने नेमके हेच विचारले होते, काय नोंदले आणि काय सुटले. हा प्रश्न ग्रामसभेत आधीच विचारला गेला, तर तो दिल्लीपर्यंत न्यावा लागणार नाही. महाखाजनचे बांध ज्यांनी घातले त्यांना कोणती जमीन कोणत्या पाण्याखाली जाते हे ठाऊक होते. ती माहिती आता कागदावर आणणे हे आपले काम आहे.