घाटात दिवे गेले: जुन्या गाडीच्या हेडलाइटचा लपंडाव

एपिसोड ऐकताना आकडे हुकतात अशी तक्रार असते, म्हणून नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. माझे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारा सोसायटीतला कुत्रा तेवढा गाळलाय.

तर झालं असं. आई-बाबांना घेऊन चिपळूणहून पुण्याला परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ, कुंभार्ली घाट. गाडी बाबांची, २००५ सालची छोटी हॅचबॅक. पोफळी मागे पडलं, चढ सुरू झाला आणि एका वळणाच्या ऐन तोंडाशी दोन्ही हेडलाइट गेले. टप्प. समोर काळं कुट्ट. मीटरच्या काट्यांमागचा उजेड मात्र चालू. मी ब्रेक दाबला. बाबा शेजारून शांतपणे म्हणाले, “अरे, अपर मारून बघ.” दांडा स्वतःकडे ओढला, तर लख्ख उजेड! सोडला की अंधार. तो दांडा ओढून धरतच गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले. दहा मिनिटं थांबलो आणि दिवे आपोआप परत आले. मग हेळवाकपर्यंत जीव मुठीत धरून, तिसाच्या वर न जाता.

हे पहिल्यांदा नव्हतं. त्याआधी दोन महिन्यांत असंच दोनदा झालं होतं, पण शहरात, रस्त्यावरच्या दिव्यांखाली. आमच्या नेहमीच्या वायरमनने एकदा बल्ब बदलले, एकदा फ्यूज. मीटर लावून “बीप वाजतोय, वायरिंग ओके” असंही सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण दुपारी बारा वाजता, थंड गाडीवर, दोन मिनिटांत केलेली ती तपासणी होती. आमच्या ऑफिसच्या भाषेत, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’.

अधूनमधून येणारा बग शोधताना पहिला प्रश्न असतो: काय बंद पडलं यापेक्षा, त्याच वेळी काय चालू होतं? घाटात आम्हाला हे फुकटात कळलं होतं. अपर मारल्यावर दोन्ही दिवे लागले, म्हणजे बल्ब, अर्थिंग आणि फ्यूज तिन्ही सुटले. तो झटका देणारा अपर दिव्याच्या मुख्य बटणाला वळसा घालून जातो. म्हणजे संशयित उरला एकच: स्टेअरिंगच्या दांड्यातला, हेडलाइट चालू करणारा संपर्क. त्यात दहा मिनिटांनी दिवे परत आले. काहीतरी तापून सुटत होतं आणि गार झालं की चिकटत होतं.

तुमच्या गाडीत लक्षण वेगळं असेल तर रस्ताही वेगळा. एकाच बाजूचा दिवा जातो? मग त्याच बाजूचा फ्यूज, बल्बचा कपलर, अर्थिंगची वायर बघा. दोन्हीकडचा फक्त डिपर जातो, अपर राहतो? डिपर-अपर बदलणारा संपर्क. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मरतो? बॅटरीचे टर्मिनल आणि अल्टरनेटर. खड्ड्यात लुकलुकतो? कुठेतरी ढिलं आहे, इंजिन बंद ठेवून, दिवे लावून एकेक कपलर हलवत जा.

आता तो बीप. कंटिन्युइटी तपासताना मीटर वायरीतून अगदी किरकोळ करंट सोडतो. अर्धवट जळालेला संपर्कही तेवढा करंट आरामात नेतो, म्हणून बीप वाजतो. हेडलाइट मात्र कित्येक अँपिअर मागतात, आणि तिथे तो मान टाकतो. म्हणून मोजायचं ते दिवे चालू ठेवून.

रविवारी इंजिन चालू, दिवे चालू, वीस मिनिटं थांबलो. मग व्होल्ट मोजले. बॅटरीवर १३.८, बल्बच्या कपलरवर ११.३. अडीच व्होल्ट वाटेत गायब! बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थिंगच्या पिनपर्यंत ०.३, म्हणजे ठीकठाक. स्टेअरिंगखालचं कव्हर काढून स्विचच्या दोन टोकांमध्ये लावला, तर १.६. करंट होता १४ अँपिअरच्या आसपास. गुणाकार करा: सुमारे २२ वॅट उष्णता, त्या नखाएवढ्या संपर्कात. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. प्लास्टिक तपकिरी झालं होतं. (या गाडीत एअरबॅग नाही. तुमच्या गाडीत असेल तर स्टेअरिंगजवळ स्वतः हात घालू नका.)

पण १४ अँपिअर आले कुठून? एच-४ बल्ब असतो ६०/५५ वॅटचा. डिपरवर दोन मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. आणि इथे मला घाम फुटला, कारण कॉलेजात असताना ‘उजेड कमी पडतो’ म्हणून हंड्रेड-नाइन्टीचे बल्ब मीच बसवले होते. वायरमनने नंतर बदलले तेही आहेत तसेच, हंड्रेड-नाइन्टी. डिपरवर ९० वॅटचे दोन म्हणजे १५ अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे कागदावर २.७ पट. या गाडीत रिले नाही, सगळा करंट थेट स्विचमधून जातो.

गंमत म्हणजे मुळात उजेड कमी पडत होता तो बल्बमुळे नसावाच. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. वायरीत गळती होती, त्यावर मी जास्त करंट ओढणारा बल्ब लावला, गळती आणखी वाढली आणि स्विच भाजत राहिला. वर्षानुवर्षं.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “तुझेच प्रताप ना? मला वाटलंच होतं.” मग आधी बोलला का नाहीत, हे विचारायची हिंमत झाली नाही.

दुरुस्ती अशी: नवा स्विच, पुन्हा ६०/५५ चे बल्ब, आणि दोन रिले, एक डिपरला, एक अपरला. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बकडे. जुनी हेडलाइटची वायर आता फक्त ८६ ला येऊन रिलेची कॉइल ओढते, ८५ अर्थिंगला. स्विचमधून आता एका अँपिअरहूनही कमी जातो. काही गाड्यांत स्विच मायनसच्या बाजूला असतो, तिथे ही जोडणी चालणार नाही, आधी वायरिंग डायग्राम बघा. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळच लावा, नाहीतर पुढची वायर घासून बॉडीला टेकली की थेट आग.

परत मोजलं: बॅटरीवर १३.८, बल्बवर १३.३. लहान बल्ब आणि उजेड आधीपेक्षा जास्त. त्याच रात्री गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर तासभर चालवून बघितलं, दांड्याखाली हात लावला, गार.

जळका स्विच टेबलावर ठेवलाय, फोटो एपिसोडच्या कव्हरला आहे. तुमच्या गाडीचे व्होल्ट मोजलेत तर आकडे व्हॉइस नोटने पाठवा. दिवे चालू ठेवून मोजलेले!