नत्र देणाऱ्या जिवाणूंची ओळख : प्रथिने ताडून पाहण्याची रीत

कडधान्याचे पीक घेतले असता जमिनीचा कस सुधारतो, हा शेतकऱ्यांचा फार जुना अनुभव आहे. हे कार्य पीक एकटे करीत नाही. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, असे जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांनी हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. त्यांनाच रायझोबियम म्हणतात. आज त्यांचे संवर्धन पाकिटांतून व बाटल्यांतून शेतकऱ्यांस मिळते.

परंतु या गटातील सर्वच जिवाणू उपयोगी नसतात. काहींच्या अंगी नत्र घेण्याची शक्ती मुळीच नसते, आणि प्रयोगशाळेच्या बशीत वाढविल्यास दोन्ही सारखेच दिसतात. निरुपयोगी जिवाणू बियाण्यास चोळला गेला तर पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात. म्हणून कामाचा जिवाणू ओळखण्याची एक रीत शास्त्रज्ञ वापरतात. ती अशी :

विकर म्हणजे काय ?

जिवाणूच्या शरीरातील रासायनिक क्रिया विकरांच्या साहाय्याने घडतात. विकरासच एन्झाइम असेही म्हणतात. हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करणाऱ्या विकराचे नाव नायट्रोजनेज असे आहे. त्याचे दोन भाग असतात. एका भागात लोह असते, तर दुसऱ्यात लोह व मॉलिब्डेनम ही दोन्ही असतात. हे दोन्ही भाग प्रथिनांचे बनलेले आहेत.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ होय. या माळेत मुख्यतः २० प्रकारचे मणी असतात व ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत, यावर प्रथिनाचे कार्य ठरते. नायट्रोजनेजच्या लोहयुक्त भागाची माळ सुमारे २९० मण्यांची असते.

तुलना कशी करतात ?

इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिन या प्रथिनाच्या मण्यांचा संपूर्ण क्रम लावला. पुढे अनेक प्रथिनांचे क्रम माहीत झाले. अमेरिकेतील मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ते एका ग्रंथात एकत्र केले. आता बहुधा जिवाणूचा डीएनए वाचून त्यावरून प्रथिनाचा क्रम काढतात, आणि १९९० पासून प्रचारात आलेल्या ब्लास्ट या संगणकीय पद्धतीने तो लाखो क्रमांशी ताडता येतो.

नवी माळ व ओळखीची माळ एकाखाली एक मांडतात. मणी जुळले की गुण जमा होतात, न जुळल्यास किंवा मध्ये जागा सोडावी लागल्यास वजा होतात. शेवटची बाकी निव्वळ योगायोगाने येण्याजोगी आहे काय, तेही तपासतात. जात्यावरची ओवी गावोगाव थोडी बदलते, तरी तिचे यमक सहसा सुटत नाही. तसेच येथेही घडते. नायट्रोजनेजच्या लोहयुक्त भागात लोह धरून ठेवणारे सिस्टीन नावाचे दोन मणी ठराविक जागी असतात. बाकीचे मणी बदलले तरी ते बदलत नाहीत. म्हणून एकूण साम्याबरोबर अशा खुणाही पाहणे अगत्याचे असते.

साम्यामुळे होणारी फसगत

तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. प्रकाशावर जगणाऱ्या काही जिवाणूंत हरितद्रव्य तयार करण्याच्या कामी येणारे एक प्रथिन आहे. त्याचे सुमारे एक-तृतीयांश मणी नायट्रोजनेजच्या लोहयुक्त भागाशी तंतोतंत जुळतात. वर सांगितलेले दोन सिस्टीनही त्यात आहेत. तरीही ते नत्र घेण्याचे काम करीत नाही. केवळ एवढ्या साम्यावर विसंबल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो.

यास्तव २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी कसोटी सुचविली की, एकच जनुक न पाहता सहा जनुके एकत्र आहेत की नाहीत ते पाहावे. त्यांपैकी तीन जनुके विकराचे भाग घडवितात, तर उरलेली तीन मॉलिब्डेनमयुक्त घटक तयार करण्यास लागतात. ही सहाही आढळली तरी तो सबळ अंदाजच होय. खात्री प्रत्यक्ष परीक्षेनेच होते. जिवाणूस अॅसिटिलीन वायू दिला असता त्याचा एथिलीन वायू झाला, तर नायट्रोजनेज काम करीत आहे असे समजतात. ही परीक्षा १९६६ पासून माहीत आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

विकर असूनही प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकावर गाठी धरीत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव व अंतिम मुदत पाहूनच संवर्धन घ्यावे. साधारणतः २५० ग्रॅम संवर्धन १० किलो बियाण्यास पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी शेतातील चार-पाच ठिकाणची रोपे मातीसकट खणून काढावीत. उपटू नयेत, कारण गाठी मातीत तुटून राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवावीत व गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी किंवा तांबूस दिसल्यास विकर कामास लागले आहे असे समजावे. गाठी पांढऱ्या किंवा हिरवट असल्यास अथवा मुळीच नसल्यास पुढील हंगामात दुसरे संवर्धन वापरावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकऱ्यांस बांधावर करून दाखवावी. प्रयोगशाळेत मण्यांचा क्रम जुळवून ज्याचा अंदाज बांधला जातो, त्याची शेतातील साक्ष ही गुलाबी गाठ देते.