दोन डोस झाले, मग लग्नाला जायचं का?

२०२१ ची तुळशीची लग्नं उरकली आणि कोविडमुळे वर्ष-दीड वर्ष अडून राहिलेली माणसांची लग्नं एकदम सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं, दोन तासांत समारंभ आटपायचा आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड, असा हुकूम होता. नोव्हेंबरात मात्र कार्यालयं पुन्हा गजबजली, कारण मधल्या काळात लस पुष्कळांपर्यंत पोचली होती. २१ ऑक्टोबरला देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा गाठला होता. आमंत्रणाच्या फोनवर ‘नक्की यायचं हं’च्या पाठोपाठ ‘तुमचे दोन्ही झालेत ना?’ हा प्रश्न ठरलेला. झाले असतील तर खुशाल जायचं, इतका सोपा हिशेब. तो तेव्हाही अपुरा होता, आणि त्याच्या पोटातले गैरसमज आजही घरोघरी मुक्कामाला आहेत.

गैरसमज : लस घेतली की आपल्याला होत नाही आणि आपल्यामुळे दुसऱ्यालाही होत नाही.

ओमायक्रॉनचं नाव जगाच्या कानावर नुकतं पडत होतं, तेव्हा नॉर्वेत ऑस्लोमधल्या एका रेस्टॉरंटात ख्रिसमसची मेजवानी झाली. ११७ माणसं, बहुतेक तिशी ते पन्नाशीतली, ९६ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण. तरी थोड्याच दिवसांत त्यांतले ७४ टक्के लोक बाधित ठरले. पहिली पाहणी प्रसिद्ध झाली तोवर रुग्णालयात मात्र त्यांतल्या एकालाही दाखल करावं लागलं नव्हतं.

हे दोन्ही एकाच मेजवानीत कसं घडलं? दंडात टोचलेल्या लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात फिरतात. विषाणू आधी उतरतो तो नाकाघशाच्या ओल्या अस्तरावर, आणि तिथे ही प्रतिपिंडं विरळ असतात. त्यामुळे काही दिवस तो तिथे वाढू शकतो आणि बोलता-खोकताना दुसऱ्याकडे जाऊ शकतो. फुप्फुसांपर्यंत मजल मारायला निघाला की शरीराची तयारी कामाला येते. महिने उलटतात तशी प्रतिपिंडं घटतात, म्हणून साध्या संसर्गापासूनचं संरक्षण आधी ओसरतं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्याहून बराच काळ टिकतं, कारण शत्रूची ओळख ठेवणाऱ्या पेशी शिल्लक असतात. लशीने प्रसार कमी होतो, विशेषतः डोसानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. थांबत नाही.

गैरसमज : बाधितांमध्ये लसवंतच जास्त निघाले, म्हणजे लस फुकट गेली.

हा गैरसमज शिकलेल्या माणसांत अधिक आढळतो, कारण त्याच्या हाती आकडे असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रोव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावात जुलै २०२१ मध्ये सुट्टीची मोठी गर्दी जमली. तिथून राज्यातले ४६९ लोक बाधित झाल्याचं आढळलं आणि त्यांतले ३४६, म्हणजे ७४ टक्के, पूर्ण लसवंत होते. मथळे काय आले असतील ते सांगायला नको. त्याच अहवालात असंही होतं की राज्यातल्या लशीला पात्र असलेल्या ६९ टक्के लोकांनी लस पूर्ण घेतलेली होती. रुग्णालयात पाच जण गेले, मृत्यू एकही नोंदला गेला नव्हता.

कागदावर मांडून बघा. हॉलमध्ये २०० पाहुणे. १८० लसवंत, २० बिनलशीचे. समजा, लसवंतांपैकी दहांत एकाला संसर्ग झाला आणि बिनलशीच्यांपैकी दहांत चौघांना. म्हणजे १८ आणि ८. एकूण २६ बाधितांत १८ लसवंत, दहातले जवळपास सात! लशीने धोका चौथ्या हिश्शावर आणला, तरी यादीत लसवंतांचीच गर्दी, कारण मुळात हॉलमध्येच त्यांची गर्दी होती. उद्या सगळ्यांनीच लस घेतली तर बाधितांतले शंभर टक्के लसवंत असतील.

डेल्टाच्या लाटेत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने अॅस्ट्राझेनेकाच्या लशीचा हिशेब मांडला होता. हीच लस पुण्याच्या सीरममधून ‘कोव्हिशील्ड’ म्हणून आपल्या दंडात गेली. दोन डोसांनंतर रुग्णालयात जाण्यापासून संरक्षण ९२ टक्के. लक्षणांसह आजारी पडण्यापासूनचं संरक्षण तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात ६७ टक्के निघालं. तेव्हा लग्नाला जायचं की नाही हे ठरवताना हे दोन्ही आकडे डोळ्यांपुढे हवे होते. पहिला तुमच्याविषयी बरंच काही सांगत होता, दुसरा तुमच्या शेजारी पंगतीला बसणाऱ्याविषयी.

गैरसमज : एक तरी झालाय ना, मग पुरे.

डेल्टामुळे लक्षणांसह आजारी पडण्यापासून एका डोसाचं संरक्षण जेमतेम ३० टक्के होतं. त्यात मे २०२१ मध्ये आपल्याकडे कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. म्हणजे ‘माझी लस झालीय’ म्हणणारा माणूस तीन-चार महिने अर्धामुर्धाच सुरक्षित. मुंबईची लोकल १५ ऑगस्टपासून लसवंतांना खुली झाली तेव्हा दुसऱ्या डोसानंतर १४ दिवसांची अट होती, ती याच कारणासाठी. दुसऱ्या डोसानंतरही पूर्ण संरक्षण तयार व्हायला शरीराला तेवढा वेळ लागतोच.

गैरसमज : मोठ्या लग्नाला नको, पण केळवणाला काय हरकत आहे? घरचीच तर माणसं!

मला विचाराल तर सगळ्यांत महागात पडलेला गैरसमज हाच. दोन खोल्यांचा फ्लॅट, काकू-आत्या-मावश्या धरून वीस-बावीस माणसं, स्वयंपाकघरात पुऱ्या तळल्या जाताहेत, बाहेरच्या खोलीत एसी लावलाय म्हणून खिडक्या-दारं घट्ट बंद. उखाण्यांचा आग्रह, हसणं, गप्पा, आणि पान वाढलं म्हणून मास्क खिशात. तीन तास! याच्या तुलनेत लॉनवर २०० माणसांत अर्धा तास उभं राहून, वधूवरांना भेटून परतणं कितीतरी बरं.

आकडा आपल्याला भीती घालतो, हवा दिसत नाही म्हणून तिचा विचार सुटतो. श्वासातून, बोलण्यातून जे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात ते देवघरातल्या उदबत्तीच्या धुरासारखे बंद खोलीत साठत जातात. खिडकी उघडली की पांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतून होणारा हा प्रसार आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिला तो २०२१ च्या एप्रिलअखेर. तोवर लोकांच्या मनात हात धुणं पक्कं बसलं होतं. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. गार वाटणारी हवा ताजी असतेच असं नाही.

आणि ‘घरचीच माणसं’ म्हणजे तरी काय? नागपूरहून आलेली आत्या रेल्वेत रात्रभर बसून आलेली असते, भाचा रोज लोकलने जातो. विषाणूला नातं कळत नाही. उलट नात्यामुळेच आपण अधिक जवळ बसतो आणि ‘जरा लांब बस’ असं म्हणायला संकोचतो.

गैरसमज : दारात ताप बघतात, सॅनिटायझर देतात, म्हणजे व्यवस्था चोख आहे.

कार्यालयाच्या दारात ती बंदूक कपाळाऐवजी मनगटावर टेकवून ‘९४’ वाचणारा मुलगा आठवतो? तापमापक नीट वापरला तरी त्याचा उपयोग मर्यादितच, कारण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, आणि ताप कित्येकांना येतच नाही. घरच्या घरी केलेली अँटिजेन चाचणी उपयोगाची आहे, पण ती त्या घटकेचं चित्र दाखवते. सकाळी निगेटिव्ह आलेला संध्याकाळी पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आणि सॅनिटायझर? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची १० मार्च २०२० ला अडीच तासांची तालीम झाली. लशीच्या आधीचे दिवस. दारात सॅनिटायझर होतं, गळाभेटी टाळल्या होत्या. ६१ पैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. मोठ्याने गाताना बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बंद हॉलमध्ये माइकवर चढाओढीने म्हटलेल्या मंगलाष्टकांनाही हे लागू आहे. अक्षता सॅनिटाइझ करून काय साधणार?

गैरसमज : माझ्या अँटीबॉडीज भरपूर आहेत, रिपोर्ट आहे.

असे रिपोर्ट त्या काळात व्हॉट्सअॅपवर दहावीच्या निकालासारखे मिरवले गेले. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतर आपण किती सुरक्षित आहोत हे ठरवायला ही चाचणी वापरू नका. त्या आकड्यावर प्रवासाचं तिकीट काढू नये.

गैरसमज : मला काय व्हायचंय? धोका पत्करायला मी तयार आहे.

धोका पत्करणारा आणि तो भोगणारा एकच असता तर प्रश्नच नव्हता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची पाहणी केली, तेव्हा एमआरएनए प्रकारच्या लशीचे दोन डोस घेऊनही ४६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली नाहीत. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी औषधंच त्याला कारण. किडनी बदललेले मामा किंवा केमोथेरपी चालू असलेली वहिनी यांनी लस घेतली आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. म्हणून आमंत्रण आलं की स्वतःच्या प्रमाणपत्राआधी आपण परत कोणाकडे जाणार आहोत ते बघावं. मग जागा उघडी की बंद, किती वेळ बसायचं, सध्या गावात साथ आहे का.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी उठवली. विषाणू उठून गेला नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा शेवटचा डोस २०२१-२२ मधला. गंभीर आजाराविरुद्ध त्याची काही पुण्याई शिल्लक असेल, पण आज संसर्ग टाळण्यासाठी त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर नव्या डोसाविषयी डॉक्टरांना विचारा, आणि गर्दीच्या बंद हॉलमध्ये त्यांना चांगला बसणारा एन-९५ मास्क लावू द्या, ‘आता कशाला?’ म्हणून थट्टा करू नका.

यजमानांना एक विनंती. पत्रिकेसोबत जो मेसेज पाठवता त्यात एक ओळ वाढवा : ‘सर्दी-खोकला, ताप असेल तर येऊ नका, आम्ही मुळीच रागावणार नाही.’ आणि पाहुण्यांनो, घसा खवखवत असेल तर खरंच जाऊ नका. फोन करून आशीर्वाद द्या. आहेर नंतरही पोचवता येतो.