मायक्रोमीटरची वंशावळ

आयएसओ म्हटलं की बहुतेकांना कारखान्याच्या फाटकावरचा ‘९००१ प्रमाणित’ असा फलक आठवतो. पण या संघटनेनं १९५१ साली काढलेल्या अगदी पहिल्या दस्तऐवजाचा विषय काय होता, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. विषय होता तापमान. उद्योगधंद्यात लांबी मोजायची ती किती तापमानाला धरायची, एवढंच त्यात ठरवलं होतं. उत्तर : २० अंश सेल्सिअस. महायुद्धातून नुकतं बाहेर पडलेलं जग पुन्हा एकमेकांशी व्यापार करू पाहत होतं, आणि त्यासाठी आयएसओत लेखी एकमत झालेली पहिली गोष्ट ही होती.

यात एवढं काय, असं वाटेल. तर हिशेब करून बघा. एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एप्रिलच्या दुपारी लेथवरून उतरलेला १०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे गोल भोकाचा, पोलादी जॉब ३५ अंशांवर असेल, तर त्याचा बोअर २० अंशांच्या मानानं १७ मायक्रॉन मोठा भरतो. आणि ड्रॉइंगवर त्या बोअरला ‘एच सेव्हन’ लिहिलं असेल, तर एकूण टॉलरन्सच, म्हणजे चालून जाणारा फरकच, ३५ मायक्रॉन. मशीन चांगलं, टूल धारदार, कारागीर पक्का, आणि तरीही निम्मा टॉलरन्स नुसत्या उकाड्यानं खाल्ला!

मोजणारा मायक्रोमीटरही पोलादीच असतो. तोही तेवढाच तापलेला असेल तर दोघांची वाढ सारखी होते आणि चूक बरीचशी आपोआप कटते. घोटाळा होतो तो जॉब मशीनवरचा गरम आणि मायक्रोमीटर एसी खोलीतून आणलेला असला की. म्हणून चांगल्या कारखान्यात जॉब काही वेळ इन्स्पेक्शनच्या खोलीत नुसते ठेवलेले दिसतात. पाहुण्याला वाटतं, काम रखडलंय. ते जॉब निवत असतात.

लहान-मध्यम कारखान्यांना आयएसओ ९००१ पर्यंत नेणं हे माझं काम. मालकांचं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं : “साहेब, तेवढी कागदपत्रं करून द्या.” त्यांचा दोष नाही. जर्मनीतल्या गिऱ्हाइकानं प्रमाणपत्र मागितलेलं असतं आणि ऑर्डर त्यावर अडलेली असते. पण मानक वाचायला घेतलं की माणूस चकित होतो, कारण त्यात वस्तू किती चांगली हवी हे कुठंच लिहिलेलं नाही. एकही माप नाही, एकही मायक्रॉन नाही. म्हणून तर तेच मानक फाउंड्रीला चालतं, हॉस्पिटलला चालतं आणि शाळेलाही. गिऱ्हाइकाला काय हवंय ते तुम्ही समजून घ्या, कसं करणार ते ठरवा, ठरवलं तसं करा. आणि तसं झालं हे तुम्हाला कशावरून कळलं, ते दाखवा. सगळं मानक या शेवटच्या प्रश्नाभोवती फिरतं.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९५९ साली आपल्या पुरवठादारांसाठी अशी एक नियमावली केली. ब्रिटननं १९७९ साली बीएस ५७५० आणलं, त्याच्या पायावर १९८७ साली आयएसओ ९००१ उभं राहिलं, आणि २०१५ च्या आवृत्तीत जाडजूड क्वालिटी मॅन्युअलची सक्तीही गेली. प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्था योग्य आहेत की नाही हे पाहणारीही संस्था असते. भारतात ते काम एनएबीसीबी करते. तपासणाऱ्याला तपासणारा कोणीतरी हवा, हा विचार या व्यवस्थेत सगळीकडे भरलेला आहे. त्याचं सगळ्यात सुंदर रूप मात्र ऑडिटरच्या फायलीत सापडत नाही, ते मायक्रोमीटरच्या पोटात आहे.

ऑडिटच्या तयारीत मी इन्स्पेक्शनच्या पोरांना नेहमी विचारतो, “हा मायक्रोमीटर बरोबर आहे कशावरून?”

“रोज सकाळी स्लिपवर लावून बघतो की, सर.”

“आणि स्लिप बरोबर कशावरून?”

“लॅबचं सर्टिफिकेट आहे.”

“आणि लॅब?”

इथं बहुतेक जण थांबतात. मला मात्र यापुढचीच गोष्ट सांगायची असते.

स्लिप म्हणजे स्लिप गेज : पोलादाचे लहान, चकचकीत, आयताकृती ठोकळे. ते बनवले स्वीडनमधल्या एस्किल्स्टूना गावच्या बंदुकीच्या कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सन या माणसानं. १८९६ च्या सुमाराला तो मौझर रायफलींच्या कामासाठी जर्मनीत ओबर्नडॉर्फला गेला होता. तिथं प्रत्येक मापासाठी वेगळा ठोकळा, अशी ढिगानं मापं पडलेली त्यानं पाहिली. परतीच्या प्रवासात त्याच्या मनात आलं की ठोकळे नीट निवडले, तर थोडक्यांच्या बेरजेतून हवं ते माप उभं करता येईल. त्यानं १०२ ठोकळ्यांचा संच आखला. त्यातून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या पायरीनं, सुमारे २०,००० मापं जुळवता येतात. ठोकळे घासायला त्यानं बायकोचं शिवणयंत्र बदलून घेतलं होतं!

पण बेरीज करायची तर दोन ठोकळ्यांच्या मधली फट शून्य हवी. ती होते कशी, हे एकदा तरी हातानं करून पाहावं. दोन्ही ठोकळे पुसून एक दुसऱ्यावर आडवा टेकवायचा, हलकेच दाबत सरकवायचा आणि फिरवून सरळ करायचा. मध्येच बोटांना जाणवतं की सरकणं जड झालं. आता वरचा उचला, खालचा त्याच्याबरोबर उचलला जातो. चुंबक नाही, गोंद नाही. हवेच्या दाबाचाही हा मुख्य खेळ नव्हे, कारण निर्वातातही ते चिकटलेलेच राहतात. पृष्ठभाग इतके सपाट असतात की दोन्हीकडचे रेणू आणि मधला तेलाचा नावापुरता थर मिळून एकमेकांना धरून ठेवतात. कारखान्यात याला ‘रिंगिंग’ म्हणतात. ठोकळ्यावर धुळीचा एक कण असला तरी ते होत नाही.

हे ठोकळे वर्षातून एकदा एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेत जातात. तिथल्या खोलीत २० अंश काटेकोर राखलेले असतात. १९५१ चं ते कलम इथं रोज पाळलं जातं. त्या प्रयोगशाळेचे ठोकळे त्यांच्याहून वरच्या मापांशी ताडलेले असतात, आणि अशी शिडी चढत चढत आपण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याच्या पिढ्या सापडतात ना, तसा प्रत्येक प्रामाणिक मायक्रोमीटरला मूळपुरुष असतो. तो मूळपुरुष आज धातूची पट्टी नाही. १९८३ पासून मीटर म्हणजे निर्वातात प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितका जातो तेवढं अंतर. दिल्लीत ते आयोडीननं स्थिर केलेल्या हीलियम-निऑन लेझरच्या तांबड्या उजेडातून प्रत्यक्षात उतरवलं जातं. शिरोलीतल्या पोराच्या हातातला आकडा त्या उजेडाशी बांधलेला आहे. श्टुटगार्टमधल्या गिऱ्हाइकाचा मायक्रोमीटर दुसऱ्या शिडीनं त्याच मीटरला बांधलेला असतो. म्हणून ही दोन माणसं कधी न भेटता एका बोअरबद्दल एकमत करू शकतात.

प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर आणखी एक ओळ असते, ती बहुतेक कोणी वाचत नाही : अनिश्चितता. आमचं माप इकडं-तिकडं कितपत चुकलेलं असू शकतं आणि ते किती खात्रीनं सांगतो, हे ती ओळ कबूल करते. खात्रीचा आकडा साधारणपणे ९५ टक्के. शिडीची प्रत्येक पायरी उतरताना ही अनिश्चितता थोडी वाढते. जॉबचा टॉलरन्स बारीक असेल तर खालच्या पायरीवरचं उपकरण त्याला पुरतच नाही. कारखान्यासाठी कुठलं उपकरण घ्यायचं, हे किमतीवरून नव्हे, या ओळीवरून ठरवायला हवं.

मानकातलं मला सगळ्यात भिडणारं वाक्य शिडीच्या उलट्या दिशेचं आहे. उपकरण सदोष निघालं, तर आधी त्यानं केलेल्या मोजण्यांवर काय परिणाम झाला तेही बघा, असं ते सांगतं. समजा, बोअर तपासायचं प्लग गेज जूनमध्ये तपासायला गेलं आणि त्याची ‘गो’ बाजू, म्हणजे चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवी ती बाजू, सहा मायक्रॉन झिजलेली निघाली. झिजलेलं ‘गो’ लहान बोअरमध्येही जातं, म्हणजे ठरल्यापेक्षा लहान बोअर पास झालेले असू शकतात. किती? गेल्या जूनमध्ये गेज ठीक होतं. झीज नेमकी कधी हद्दीबाहेर गेली कोणालाच माहीत नाही, त्यामुळे वर्षभराचे सगळे जॉब संशयित. मग रूट कार्डं काढायची, कास्टिंगवरचे हीट नंबर जुळवायचे, कुठला लॉट कुठल्या गिऱ्हाइकाला गेला ते शोधायचं आणि फोन करायचा. तो फोन मालकानं स्वतः करावा असं माझं मत आहे.

म्हणून मी कारखान्यात गेलो की आधी गेज कधी आणि कसे तपासतात, ती व्यवस्था बघतो. खोक्यात जपलेल्या स्लिप गेजना वर्षातून एकदा पुरतं. पण बिडाच्या बोअरमध्ये दिवसभर शेकडो वेळा जाणारं प्लग गेज कॅलेंडरवर सोडून भागत नाही. ते झिजेच्या वेगानं तपासायचं. दर शनिवारी ते मोजून आकडा वहीत टाकायला पाच मिनिटं लागतात. मग झीज हद्दीबाहेर गेली तर शोधायचे जॉब वर्षाचे नसतात, एका आठवड्याचे असतात, आणि त्यातले बरेचसे अजून डिस्पॅचच्या पेट्यांत पडलेले सापडतात.