पडद्यावरील अनोळखी अक्षरे

1915 साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू बेंगळुरूच्या चामराजपेटेत आहे. तिने प्रकाशित केलेल्या कन्नड शब्दकोशाचे खंड कोणत्याही ग्रंथालयात उघडावेत, अक्षरे तीच दिसतात. संगणकावर मात्र तसे घडले नाही. कन्नड गणक परिषदेने सिद्ध केलेल्या ‘नुडी’च्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे.

संगणक साठवितो तो केवळ क्रमांक. त्याला रूप देतो तो फाँट. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर येथे कन्नड आकृत्या बसविलेल्या होत्या. म्हणून मजकूर निवडून त्याला नुडीचा फाँट द्यावा, की कन्नड पुन्हा प्रकट होते. फाइलच्या नावाला हा उपाय चालत नाही, कारण डेस्कटॉपवरील नावे संगणक स्वतःच्याच फाँटमध्ये दाखवितो. जुन्या फाँटमध्ये मराठी टंकलेखन केलेल्यांनाही हा अनुभव नवा नाही.

खरा उपाय युनिकोडचा. 1991 सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच दोन्ही लिपींना स्वतंत्र स्थाने मिळाली: देवनागरी ‘क’ला 2325, कन्नड ‘क’ला 3221. परंतु जुन्या मजकुराचे रूपांतर करताना नुसते क्रमांक बदलून भागत नाही. मराठीतील रफाराचे काम करणारे कन्नड चिन्ह अक्षराच्या उजवीकडे लिहितात, उच्चार मात्र आधी होतो. जुन्या पद्धतीत लेखनाचा क्रम साठविला जाई, युनिकोडमध्ये उच्चाराचा. क्रम उलटविला नाही, तर ‘सूर्य’सारख्या शब्दातील रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. यास्तव मूळ फाइल जपून ठेवावी आणि रूपांतरित मजकुरातील जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.